समुद्राकाठच्या शहाळ्यात मीठ का शिरत नाही

पुळणीवरच्या माडाला खाऱ्याची सवय असते. मुळांच्या आसपास भरती-ओहोटीचं पाणी झिरपतं, वारा मिठाचे तुषार आणून झावळ्यांवर बसवतो. तरी त्याच माडाचं शहाळं कोयत्याने छाटलं की आतलं पाणी गोड! हा गोडवा साखरेचा हे खरं, पण मग मीठ गेलं कुठे?

समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १,०८० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि पोटॅशियम जेमतेम ४० मिलिग्रॅम. शहाळ्याच्या तेवढ्याच पाण्यात पोटॅशियम २०० ते २५० मिलिग्रॅमच्या घरात आणि सोडियम त्याहून पुष्कळ कमी. पारडं पार उलटं झालेलं. कारण शहाळ्यातलं पाणी हे मुळात पेशीच्या पोटातलं पाणी आहे. कोवळ्या नारळात बीचा अन्नसाठा एकाच प्रचंड पेशीसारखा वाढतो. त्यात असंख्य केंद्रकं तरंगत असतात, मध्ये भिंती नसतात. पुढे कडेकडेने भिंती पडत जातात, मलई धरते, मलईचं खोबरं होतं. म्हणून शहाळं पिताना आपण जवळजवळ एका पेशीचं अंतरंगच पितो, आणि जिवंत पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, सोडियम कमी हा नियम माडापासून माणसापर्यंत सगळीकडे सारखा आहे.

माणसाच्या रक्तात एका लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल, पोटॅशियम ३.५ ते ५. पेशीच्या आत सोडियम १० ते १५, पोटॅशियम १४० च्या आसपास. (मिलिमोल ही कणांच्या संख्येची मोजदाद, वजनापेक्षा इथे तीच सोयीची.) आत आणि बाहेर यांच्यामध्ये भिंत आहे ती केवढी? सात-आठ नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी दहा हजार पटलं एकावर एक मावतील. एवढ्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना एवढा फरक आपोआप टिकत नाही. तो टिकवण्यासाठी पेशी क्षणाक्षणाला ऊर्जा मोजते. ती कशी मोजते आणि मोजता आली नाही तर काय होतं, ते आता पाहू.

पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलेलं, शेपट्या पाण्यापासून लांब, एकमेकींकडे तोंड करून. मधला भाग तेलासारखा. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज निसटतात. सोडियम-पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणांना, म्हणजे आयनांना, मात्र तेलात शिरता येत नाही, कारण त्यांनी भोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवलेले असतात. ग्लुकोजसुद्धा अडतं.

पटल किती पक्कं असतं हे परसातल्या लाल माठावर बघता येतं. पानं न चुरगळता धुऊन घ्या आणि अर्धी गार पाण्यात, अर्धी उकळत्या पाण्यात टाका. दहा मिनिटांनी गार पाणी जवळजवळ नितळ राहतं, गरम पाणी लालभडक होतं. रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडलेला होता. उष्णतेने पटलं फाटली आणि तो बाहेर आला. पान तेच, रंग तोच. गेली ती फक्त आडकाठी.

आता दारांकडे. खारजमिनीच्या बांधात उघाडी असते ती आठवा. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीचंच पाणी झडप दाबून बंद करतं. तिथे इंजिन लागत नाही, बैल लागत नाही. पाणी उताराने वाहतं, दार फक्त वाट देतं. पेशीपटलातल्या कितीतरी वाटा अशाच. जिथे दाटी जास्त तिथून कमी दाटीकडे कण जातात, याला विसरण म्हणतात. पाण्याच्या अशा जाण्याला परासरण. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते परासरणानेच.

पण विहिरीतलं पाणी वर वाडीच्या पाटात आणायचं तर उघाडी कामाची नाही. तिथे रहाट हवा आणि रहाट फिरवणारं कुणीतरी हवं. पेशीत चढावाकडे माल नेणाऱ्या या व्यवस्थेला सक्रिय वहन म्हणतात, आणि रहाटाच्या बैलाचं काम करणारा रेणू म्हणजे एटीपी. त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट गट असतात. टोकाचा गट सुटताना जी ऊर्जा मिळते तिच्यावर पंप चालतो. चढाव मोजताना दोन गोष्टी धरायच्या: दाटीतला फरक आणि विजेचा फरक. पेशीची आतली बाजू बाहेरपेक्षा ऋणभारित असते, चेतापेशीत साधारण ७० मिलिव्होल्टने. म्हणून धनभारित सोडियम बाहेर काढणं दुप्पट जड. दाटीही विरुद्ध, वीजही विरुद्ध. पोटॅशियम आत आणताना दाटी विरुद्ध असली तरी वीज मदत करते.

रहाटाची एक फेरी

सोडियम-पोटॅशियम पंप हे पटलात आरपार रोवलेलं एक प्रथिन आहे. त्याच्या पोटात एक खोबण. ती कधी आतल्या बाजूला उघडते, कधी बाहेरच्या. फेरीच्या सुरुवातीला तोंड आत उघडं असतं आणि खोबणीचा आकार असा की सोडियमचे ३ आयन नीट बसावेत. तिसरा बसला की पंपाला आधीच चिकटलेला एटीपी आपला टोकाचा फॉस्फेट गट प्रथिनातल्या एका ठरावीक जागी जोडून देतो. त्या जोडणीने अख्ख्या प्रथिनाला पीळ बसतो. आधी आतलं तोंड मिटतं, मग बाहेरचं उघडतं. खोबणीचा आकारही बदलतो, सोडियमवरची पकड सुटते आणि तिन्ही आयन बाहेर पडतात. आता तीच खोबण पोटॅशियमच्या मापाची झालेली असते. त्याचे २ आयन येऊन बसले की फॉस्फेट गळून पडतो, बाहेरचं तोंड मिटतं. नवा एटीपी येऊन चिकटला की आतलं तोंड उघडतं, पोटॅशियम पेशीत उतरतं, आणि खोबण पुन्हा सोडियमची वाट पाहायला लागते.

या सगळ्यात एक शिस्त कधीच मोडत नाही: दोन्ही तोंडं एकाच वेळी उघडी राहत नाहीत. राहिली तर पंपाचं भोक होईल आणि जमवलेलं सगळं क्षणात वाहून जाईल. पॅलिथोआ नावाच्या, खडकांना चिकटून राहणाऱ्या सागरी प्राण्यांत सापडणारं पॅलिटॉक्सिन हे विष नेमकं हेच करतं. ते दोन्ही दारं उघडी पाडतं, म्हणूनच ते ज्ञात विषांतल्या अतिजहाल विषांपैकी एक आहे.

पंप सेकंदाला शंभराच्या आसपास फेऱ्या मारतो. साधी वाहिनी, म्हणजे उघाडीसारखी वाट, उघडली तर तिच्यातून सेकंदाला कोटीच्या हिशोबाने आयन धावतात. पंप इतका हळू, म्हणून पेशीला तो फार मोठ्या संख्येने बसवावा लागतो. पण हळू असला तरी उधळ्या नाही. एटीपीच्या एका मोलमागे पेशीत साधारण ५० किलोज्यूल ऊर्जा हाती येते. वर दिलेल्या दाट्या आणि ७० मिलिव्होल्ट धरून ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेण्याचं काम मांडलं तर ते ४४-४५ किलोज्यूल भरतं. बाजारातल्या पाण्याच्या पंपाला असा हिशोब जमत नाही.

हे यंत्र माणसाला कळलं ते मासळीबाजारातल्या जिवांमुळे. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्याच्या नात्यातल्या प्राण्यांत एक चेतातंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो. अ‍ॅलन हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी १९५५ साली अशा तंतूंवर दाखवलं की पेशीचं ऊर्जा तयार करणं विषाने थांबवलं की सोडियम बाहेर जाणंही थांबतं, आणि विष धुऊन काढलं की पुन्हा सुरू होतं. बाहेर फेकण्याचं काम फुकट होत नाही, याचा हा सरळ पुरावा. मग १९५७ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे येन्स स्कू यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटून घेतल्या आणि त्या पटलांच्या तुकड्यांत एटीपी फोडणारं प्रथिन दाखवलं. नुसतं सोडियम घातलं की ते थोडंच काम करी. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले की एकदम जोर धरी. चिंबोरीचा नांगा फोडताना आत पांढरट दोऱ्यासारखं जे दिसतं त्यात या नसाही असतात. या कामासाठी स्कू यांना १९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना मिळाला, तो एटीपी तयार करणाऱ्या यंत्राचा उलगडा केल्याबद्दल. ही जोडणी मोठी समर्पक आहे, कारण ते यंत्र म्हणजे उलटा चालणारा रहाटच. तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, आधी हायड्रोजन आयन पटलापलीकडे उपसून साठवले जातात, मग ते उताराने परत येताना प्रथिनाचं चाक खरोखर गरागरा फिरतं आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो.

होडी गळतेच

पंप एकदा चालवून काम संपत का नाही? कारण पटल गळतं. वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपतं, सोडियम आत येतं. लाकडी होडीत सांध्यांतून पाणी येतच राहतं आणि आतला माणूस ते उपसतच राहतो, तसंच. उपसणं थांबलं म्हणजे होडी लगेच फुटत नाही, पण पाणी चढत जातं. पेशीत पंप थांबला की सोडियम आत साठतं, त्यामागे क्लोराइड आणि पाणी येतं, पेशी सुजते आणि शेवटी फुटते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भक्कम भिंत असते. प्राण्याच्या पेशीला ती नाही, म्हणून आपल्याला हा पंप इतका जिवाचा.

या उपशाचा खर्च मोठा आहे. माणूस स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर जातो. मेंदूत तो हिस्सा निम्म्यापर्यंत किंवा त्याहून वर जातो, कारण प्रत्येक संदेश म्हणजे थोडं सोडियम आत आणि थोडं पोटॅशियम बाहेर. ते पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवावं लागतं.

आणि हा खर्च नुसत्या उपशासाठी होत नाही. बाहेर दाटून राहिलेलं सोडियम म्हणजे वरच्या टाकीत चढवलेलं पाणी. ते आत यायला टपलेलं असतं आणि त्याच्या या ओढीवर पेशी दुसरी कामं करून घेते. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा १ रेणू आणि सोडियमचे २ आयन एकत्र मिळाले तरच वळतं. सोडियम उताराने आत येतं आणि ग्लुकोजला चढावावर ओढून आणतं. वाहक स्वतः एटीपी वापरत नाही. पेशीच्या मागच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप वापरतो, म्हणजे बिल त्याच्या नावावर. याला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्रागमध्ये मांडली.

जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का चालतं, याचं उत्तर इथे आहे. पटकीचं विष आतड्याच्या पेशीतली क्लोराइडची वाट उघडी अडकवून ठेवतं. क्लोराइड बाहेर वाहतं, मागोमाग सोडियम, त्यामागे पाणी. दिवसाला कित्येक लिटर. नुसतं पाणी पाजलं तर ते शोषलं जात नाही. पण ग्लुकोज-सोडियमच्या जोडवाहकाला हे विष हात लावत नाही. दोन्ही एकत्र दिले की तो ते आत ओढतो आणि पाणी त्यांच्यामागे येतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मार्गाने पिंपांतून तोंडावाटे द्रावण दिलं आणि मृत्यू कितीतरी घटले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. त्यात सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. मापाची बरोबरी मुद्दाम राखलेली. म्हणून एक लिटरची पुडी एक लिटरातच घालायची. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी टाकली तर आतड्यात दाटी इतकी वाढते की परासरणाने पाणी उलट शरीरातून आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. वर चवीसाठी साखर टाकली तरी तेच. शीतपेयात साखर भरमसाट, सोडियम नगण्य, म्हणून ते घातकच. शहाळ्याचं पाणी उत्तम पेय असलं तरी जुलाबात एकटं पुरत नाही, कारण जोडवाहकाला हवं ते सोडियम त्यात कमी. पुडी मिळेपर्यंत घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचं.

पेजेचा मान इथे खास आहे. तांदळाचा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक माळा. माळ एक रेणू धरली जाते, म्हणून पेजेत ग्लुकोज भरपूर असूनही दाटी कमी राहते. आतड्याच्या भिंतीशी माळ तुटते आणि ग्लुकोज वाहकाच्या तोंडाशीच सुटं होतं. साधारण ५० ग्रॅम तांदळाचं पीठ एक लिटर पाण्यात शिजवून केलेल्या पातळ पेजेत अर्धा सपाट चमचा मीठ घातलं तर ती या कामाला फार चांगली. पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या द्रावणाने जुलाबाचं प्रमाण कमी होतं हे अभ्यासांनी दाखवलेलं आहे. मीठ विसरलं मात्र, तर वाहक निम्म्या सामानावर अडून बसतो. आजाऱ्याला अळणी पेज द्यावी ही समजूत जुलाबात तरी सोडून द्यायला हवी. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले किंवा लघवी होईनाशी झाली, तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा.

तिवर, भात आणि जिताडा

वनस्पतींकडे सोडियम-पोटॅशियम पंप नसतो. त्या हायड्रोजन आयन बाहेर उपसतात आणि त्या आयनांच्या परतीच्या ओढीवर बाकीची कामं करून घेतात. तत्त्व तेच, चलन वेगळं.

खाडीच्या चिखलात हे दोन तऱ्हांनी दिसतं. कांदळ मुळाशीच मीठ अडवतो. पानांतून बाष्प उडतं त्या ओढीने पाणी मुळांतल्या पटलांतून गाळून आत येतं. इथे ऊर्जा उन्हाची, पंपाची नव्हे, म्हणून याला सक्रिय वहनात मोजू नये. तिवरही मुळाशी बरंच मीठ अडवतो, पण जे आत येतं ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो, आणि हे काम पंपाच्या जोरावर चालतं. पाऊस नसलेल्या दिवसांत दुपारी तिवराचं पान उन्हात तिरकं धरून पाहा. बारीक चकाकते कण दिसतात. जिभेला लावले की खारट.

भाताला अशा ग्रंथी नाहीत. उधाणाने बांध फुटून खारं पाणी खाचरात आलं, की सोडियम मुळात शिरतं. त्यातलं थोडं रोप परत मातीत फेकतं, थोडं रिक्तिकेत कोंडतं. दोन्ही कामांत हायड्रोजन आत येतो आणि सोडियम दुसऱ्या दिशेने जातं, जणू कप्पीवरच्या दोन बादल्या. त्या हायड्रोजनला आधी बाहेर चढवायला एटीपी लागतो, एटीपीला साखर, आणि ती साखर दाण्यात भरायची होती. रोप जगतं पण लोंबी हलकी राहते ती म्हणून. कोवळं रोप आणि फुलोरा या दोन वेळा सगळ्यांत नाजूक. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आलेले पनवेल १, २, ३ हे वाण खारं सोसतात, तरी लावणीपूर्वी पहिल्या जोरदार पावसाचं पाणी खाचरात कोंडून, उघाडीतून सोडून मीठ धुऊन काढणं टाळू नये. मातीतलं मीठ जितकं कमी, तितका रोपाचा उपसा कमी.

जिताडा हा माशांतला दोन्हीकडचा. समुद्रात असताना बाहेरचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा सुमारे तिप्पट दाट. शरीरातलं पाणी सतत निघून जातं. म्हणून तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. त्या पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात, कारण पंपाला इंधन लागतं. गोड्या पाण्यात सगळं उलटतं: पाणी आत घुसतं, मीठ निसटतं, आणि तेच कल्ले पाण्यातलं तुटपुंजं मीठ आत ओढायला लागतात. ही अदलाबदल होताना पेशींतली पंपांची आणि वाहकांची मांडणी बदलावी लागते आणि त्याला दिवस लागतात. रायगडात तळ्यांतून जिताडा पाळणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यातलं बीज टप्प्याटप्प्याने खारेपणा उतरवत तळ्यात सोडायचं ते यासाठी. एकदम टाकलं तर ताण येतो आणि मरतुक वाढते.

फार मोठा माल, म्हणजे अख्खी प्रथिनं किंवा जिवाणू, कोणत्याच पंपात मावत नाही. तो पेशी पटलाचीच पिशवी करून आत घेते किंवा बाहेर सोडते. त्यालाही ऊर्जा लागते, पण तो विषय मोठा आणि वेगळा.

पंप थांबला की

ताजा बांगडा डोक्याशी धरून आडवा उचलला तर शेपूट खाली लवत नाही. ही ताठरता बंद पडलेल्या पंपाची खूण आहे. स्नायूत कॅल्शियम एका पिशवीत कोंडलेलं असतं, बाहेरच्या दहा हजार पट दाटीने. ते बाहेर आलं की स्नायू आखडतो. पंप एका एटीपीमागे २ कॅल्शियम परत पिशवीत टाकतो, तेव्हा सैल पडतो. मासा मेला की एटीपी संपत जातो. कॅल्शियम गळून बाहेर येतं, स्नायूंचे तंतू एकमेकांना पकडतात, आणि ती पकड सोडवायलाही एटीपीच लागतो, तो आता नाही. मासा ताठ. पुढे विकरं तंतूच खाऊन मऊ करतात तेव्हा शेपूट लवते. जाळ्यात फार तडफडलेला मासा लवकर ताठतो आणि लवकर मऊही पडतो, कारण त्याचा साठा आधीच खर्ची पडलेला. बर्फ ही सगळी घड्याळं मंद करतो.

पोटातल्या आम्लाचाही एक पंप आहे. हायड्रोजन बाहेर, पोटॅशियम आत. तो रक्ताच्या दहा लाख पट दाटीपर्यंत आम्ल चढवतो. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या हाच पंप कायमचा बंद करतात, पण फक्त जो त्या वेळी चालू आहे तोच. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, म्हणजे घास पोटात पडून पंप जागे होताना औषध रक्तात हजर असतं. जेवणानंतर आठवण आली म्हणून घेतलेल्या गोळीचा बराच भाग वाया जातो.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टीही म्हणतात, दोन्ही कोकणात घराघराच्या कुंपणाला असतात. दोन्हींच्या चिकात आणि बियांत सोडियम-पोटॅशियम पंपाला बाहेरून कुलूप लावणारी द्रव्यं आहेत. हृदयाच्या पेशीत सोडियम साठतं. एरवी सोडियमच्या ओढीवर कॅल्शियम बाहेर टाकलं जातं, ते अडतं. कॅल्शियम वाढतं, ठोका आधी जोरकस आणि मग बेताल होतो, आणि पेशींत शिरू न शकलेलं पोटॅशियम रक्तात चढतं. मुलाने बी चघळल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत बसू नये. बी किंवा पान सोबत घेऊन हृदयाचा आलेख काढता येईल अशा रुग्णालयात जायचं, मूल हसत-खेळत असलं तरीही. हृदयासाठी दिलं जाणारं डिगॉक्सिन याच जातीचं, मोजून दिलेलं. ते आणि पोटॅशियम पंपावरच्या एकाच भागासाठी झगडतात, म्हणून डिगॉक्सिन घेणाऱ्याला जुलाब लागले किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलं, तर नेहमीचा डोसही विषारी ठरू शकतो. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवं.

आणि गावाकडून लांबच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या रक्ताच्या नळीबद्दल. तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. ती ग्लुकोज आंबवून मिळालेल्या थोड्याशा एटीपीवर पंप चालवते. नळी गोळा केल्या केल्या बर्फात ठेवली तर पंप जवळजवळ थांबतो, गळती मात्र सुरू राहते. घाट चढून नळी पोचेपर्यंत पेशींतलं पोटॅशियम बाहेर आलेलं असतं आणि अहवालात ६ किंवा ७ चा आकडा येऊ शकतो, रुग्णाच्या अंगात तो नसतानाही. उन्हात गाडीत ठेवली तर सुरुवातीला आकडा खाली जातो, मग ग्लुकोज संपलं की वर. दोन्ही टाळायचे तर रक्त गोठल्यावर दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून सीरम, म्हणजे पेशींवरचा पातळ द्रव, वेगळं करायचं आणि ते वेगळं झाल्यावरच गार डब्यात घालायचं. रक्तसंकलन केंद्रात सेंट्रिफ्यूज नसेल तर पोटॅशियमची नळी बर्फाला न लावता २० ते २५ अंशांत ठेवून पहिल्या गाडीने पाठवायची आणि सोबतच्या चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ लिहायची.